आई किंवा वडील बेपत्ता झाले आणि घरातली गुपितं बाहेर येऊ लागली, तर काय करायचं

श्रावणातल्या एका सोमवारी आमचे वडील, अण्णा, पहाटे साडेपाचला लालबागच्या आमच्या खोलीतून निघाले. चप्पल घातली, खुंटीवरची कापडी पिशवी घेतली. आईला वाटलं, दूध आणायला गेले. फोन उशीखालीच राहिला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. तळाशी, कामगार संघटनेच्या जुन्या कागदांखाली, मनीऑर्डरच्या पावत्यांचा एक गठ्ठा होता, पांढऱ्या दोऱ्याने बांधलेला. सगळ्या पावत्या एकाच बाईच्या नावाच्या, संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावच्या. ते नाव आम्ही कधी ऐकलं नव्हतं. दादा म्हणाला, "हे बाहेर जाता कामा नये. आईला तर मुळीच नाही."

त्या एका वाक्यापायी आमचे नऊ दिवस गेले. ते दिवस दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय. मी वकील नाही आणि पोलीसही नाही. पण अण्णा घरी नव्हते त्या चोवीस दिवसांत आणि पुढे वर्षभर जे शिकलो ते क्रमाने मांडतो.

पहिले काही तास

"चोवीस तास थांबा, मग तक्रार करा" असा कुठलाही नियम नाही. माणूस नेहमीच्या वेळेला आला नाही, फोन लागत नाही, ओळखीच्या ठिकाणी नाही, एवढं कळलं की लगेच पोलीस ठाण्यात जा. शक्यतो राहत्या भागातल्या किंवा ते शेवटचे दिसले त्या भागातल्या ठाण्यात. तातडीची मदत हवी असेल तर ११२. प्रौढ माणसाची नोंद सहसा 'मनुष्य मिसिंग' म्हणून होते. तो गुन्हा नसतो. अपहरणाचा किंवा घातपाताचा संशय असेल तर तो त्याच वेळी स्पष्ट बोलून दाखवा, म्हणजे गुन्हा दाखल करायचा की नाही हे ठरवता येतं. निघताना मिसिंगचा नंबर, तपास अधिकाऱ्याचं नाव आणि फोन, आणि तक्रारीची प्रत घेतल्याशिवाय उठू नका. कुणी टाळाटाळ केली तर वरिष्ठ निरीक्षकांना भेटा. तिथेही नाही झालं तर परिमंडळाच्या उपायुक्तांना लेखी द्या आणि पोच घ्या.

जाताना अलीकडचा फोटो न्या. लग्नातला सजलेला नको, रोजच्या कपड्यातला. उंची, अंगावरचे कपडे, जुनी खूण, कोणती भाषा बोलतात, कोणती गोळी चालू आहे आणि ती चुकली तर काय होतं, हे सगळं एका कागदावर लिहून न्या. ठाण्यात उभं राहिल्यावर साधी उंचीसुद्धा आठवत नाही. फोन त्यांच्याबरोबर असेल तर फोनच्या खोक्यावरचा आयएमईआय क्रमांकही द्या.

त्याच दिवशी आसपासच्या सीसीटीव्हीच्या मागे लागा. चाळीच्या तोंडाशी असलेलं मेडिकल, सोसायटीचं गेट, कोपऱ्यावरचा सराफ. अशा कॅमेऱ्यांत जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. दुकानदाराला हात जोडून सांगा, "काका, एवढ्या वेळचं तेवढं जपून ठेवा, पोलीस येतील." आम्हाला अण्णा परळच्या दिशेने चालत गेलेले दिसले ते एका किराणा दुकानाच्या कॅमेऱ्यात.

मग दवाखाने. केईएम, जेजे, नायर, सायन, कूपर, राजावाडी, पलीकडे कळव्याचं रुग्णालय. अपघात विभागात "अनोळखी रुग्ण म्हणून कुणी दाखल आहे का" असं विचारा. नाव घेऊन विचारलं की "नाही" हेच उत्तर येतं, कारण शुद्धीवर नसलेल्याला नाव नसतं. लोकलची शक्यता असेल तर लोहमार्ग पोलिसांचं काम वेगळं चालतं हे लक्षात ठेवा. दादर, कुर्ला, ठाणे, कल्याण, अंधेरी, बोरिवली अशा ठिकाणी त्यांची स्वतःची ठाणी आहेत. शहर पोलिसांकडे नोंद केली म्हणून त्यांना आपोआप कळेल असं धरून बसू नका. शवागारात जायची वेळ आली तर दोघांनी जा, त्यातला एक घरच्याबाहेरचा असू द्या, आणि आईला नेऊ नका.

विसरभोळेपणाचा किंवा मानसिक आजार असेल तर चेंबूरचं भिक्षेकरी गृह आणि ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय इथेही विचारा. कर्जतची श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उपचार देऊन घरी पोचवते. तिचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्येष्ठांसाठी देशभर चालणारी १४५६७ ही एल्डरलाइनही अशा वेळी उपयोगी पडते.

ट्रंक उघडताना

कपाट, ट्रंक, देव्हाऱ्यामागची पेटी उघडावीच लागते. कसं उघडता यावर बरंच अवलंबून आहे.

एकट्याने उघडू नका. घरातले दोघं आणि ज्याच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे असा बाहेरचा एक जण, मामा किंवा शेजारचे काका, असे बसा. प्रत्येक वस्तू हलवण्याआधी जागेवर तिचा फोटो काढा. मग वहीत ओळीने नोंद करा: काय, कुठे होतं, कोणत्या तारखेचं. आमच्याकडे हे झालं नाही. आज कुठली पावती कुठल्या पाकिटात होती ते कुणाला सांगता येत नाही, आणि त्यावरून भावाभावांत जो संशय शिरला तो निवळायला वर्ष लागलं. काहीही फाडू नका, जाळू नका, "हे कशाला ठेवायचं" म्हणून खिशात घालू नका. निरोपाची चिठ्ठी सापडली, जीव द्यायचा विचार त्यात असेल असं वाटलं, तर बाकी सगळं तसंच टाकून त्या क्षणी तपास अधिकाऱ्याला फोन करा.

फोन घरीच राहिला असेल तर तो चार्जिंगला लावा, सिम चालू ठेवा, रिचार्ज संपू देऊ नका. कुणाचा फोन आला तर घ्या. पण त्यांच्या व्हॉट्सॲपमधून कुणाला मेसेज करू नका. समोरच्याला वाटतं, माणूस बोलतोय, आणि शोधाचा धागा तिथेच गुंततो. एटीएम कार्डाचंही तेच. पिन माहीत असला तरी पैसे काढू नका. त्या खात्यातून कुठे पैसे निघाले यावरून पोलीस माग काढतात, आणि तुम्ही लालबागच्या एटीएमवर काढलेले दोन हजार रुपये त्यांना उलट्या दिशेला पाठवतात. संयुक्त खातं असेल तर पासबुक भरून घ्या. तेवढं तुम्हाला करता येतं. बाकी खात्यांची माहिती बँक पोलिसांनाच देईल.

पासबुकात दर महिन्याला जाणारी ठरावीक रक्कम, औषधाच्या चिठ्ठीवरचा अनोळखी डॉक्टर, एसटीची जुनी तिकिटं, लग्नपत्रिकेच्या मागे लिहिलेला नंबर, गावाकडचा सातबारा. या गोष्टी बोलतात. गावी जमीन आहे असं कळलं तर महाभूलेख या राज्य सरकारच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावर नावावरून सातबारा शोधता येतो. मुंबई-ठाण्यात खोली घेतली असेल असं वाटलं तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक २, म्हणजे खरेदी-विक्रीच्या दस्ताचा नोंदणी उतारा, पाहता येते. हे सगळं शोधासाठी. वाटणीसाठी पुढे वेळ आहे.

दोन पाकिटं

सापडलेल्या प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारा: यावरून ते कुठे असतील, कुणाबरोबर असतील किंवा कुणाच्या भीतीने गेले असतील, हे कळायला मदत होते का? उत्तर "हो" किंवा "कदाचित" असेल तर ती गोष्ट पहिल्या पाकिटात. ते पाकीट आजच पोलिसांकडे जातं. पूर्ण, काहीही न वगळता. उत्तर "नाही" असेल तर दुसऱ्या पाकिटात. ते चिकटवा, वर तारीख आणि तिघांच्या सह्या, आणि ते विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. माणूस सापडेपर्यंत ते उघडायचं नाही आणि त्यावर भांडायचंही नाही.

अनोळखी बाईला किंवा पुरुषाला पाठवलेले पैसे, दुसरा पत्ता, दुसरा फोन नंबर, कर्ज, धमकी, गंभीर आजाराचे रिपोर्ट, कोर्टाची नोटीस, नोकरी सुटल्याचा कागद हे सगळं पहिल्या पाकिटात. तीस वर्षांपूर्वीची पत्रं, कुणाचा तरी फोटो, जातीच्या दाखल्यातली विसंगती, दत्तकपत्र बहुधा दुसऱ्यात. पण एखादी गोष्ट कुठल्या पाकिटात हे ठरत नसेल तर पहिल्यातच टाका.

लाज वाटते, हे मला माहीत आहे. चाळीत भिंती पातळ असतात. पण पोलिसांना सांगणं म्हणजे चाळीला सांगणं नव्हे. तपास अधिकाऱ्याला बाजूला भेटा आणि म्हणा, "साहेब, एक घरगुती बाब आहे, पोस्टरवर किंवा पेपरात जाऊ नये." आईचा जबाब घरी आणि महिला अधिकाऱ्यापुढे घ्यावा अशी विनंती करा. आमच्या उपनिरीक्षकांनी ते सगळं मान्य केलं. अकराव्या दिवशी पावत्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "हे पहिल्या दिवशी का नाही आणलं?" त्यांनी देवरुखच्या पोलिसांना फोन लावला, तिथून गावच्या पोलीस पाटलांना. तासाभरात उत्तर आलं. अण्णा दुसऱ्याच दिवशी तिथे पोचले होते, सहा दिवस राहिले होते आणि तीन दिवसांपूर्वी निघून गेले होते.

आईला विचारा, आणि आधी विचारा

मुलं आईपासून लपवतात. आम्हीही लपवलं. तिला रक्तदाब आहे, तिला सहन व्हायचं नाही, म्हणून. अकराव्या रात्री शेवटी सांगितलं, तेव्हा ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वीस वर्षं झाली. एकदा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पावती मिळाली होती. मला विचारलं असतंत तर पहिल्याच दिवशी गावाचं नाव सांगितलं असतं."

चाळीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला त्या माणसाचं अर्धं गुपित बायकोला किंवा नवऱ्याला माहीत असतंच. म्हणून जोडीदाराशी बोलणं हा शेवटचा नाही, अगदी सुरुवातीचा टप्पा. मात्र ते चौकशीसारखं नको. सगळे भाऊ-बहीण समोर रांगेने बसले की आई गप्प होते. एकाने, ज्याच्याशी ती मोकळी आहे त्याने, स्वयंपाकघरात बसून विचारावं. "अण्णांचं बाहेर काही होतं का?" असं विचारू नका. "अण्णांना मनातलं बोलावंसं वाटलं तर ते कुणाकडे जातील?" असं विचारा. तिने सांगितलेलं तिला विचारल्याशिवाय मामाला किंवा आत्याला सांगू नका.

त्या दुसऱ्या घराला फोन

हा फोन पोलिसांना कळवूनच करा. घरातल्या सगळ्यांत शांत माणसाने करावा. ठरवलेलं तेवढंच बोला: "मी अमक्यांचा मुलगा. ते घरी नाहीत, आम्ही काळजीत आहोत. तुमच्याकडे सुखरूप असतील तर एवढंच सांगा. बाकी काही विचारायला फोन केलेला नाही." आणि खरोखरच विचारू नका. पलीकडचं माणूसही घाबरलेलं असतं. त्याने फोन ठेवून दिला की तो रस्ता बंद होतो.

आम्ही त्या बाईबद्दल मनात जे रचलं होतं ते सगळं चुकीचं निघालं. ती अण्णांची मुलगी होती. आईशी लग्न होण्याआधी त्यांचं एक लग्न झालं होतं, ती बायको बाळंतपणात गेली, आणि मूल आजोळी वाढलं. दुसऱ्या लग्नाच्या वेळी थोरल्यांनी ही गोष्ट दाबली आणि पुढे ती उघडायला कुणाला तोंड राहिलं नाही. कागदावरून निम्मीच गोष्ट कळते. उरलेली निम्मी आपण रागाने भरतो, आणि ती बहुतेक वेळा चुकते.

त्या ताईनेच आम्हाला सांगितलं की जाताना अण्णांनी कोल्हापूरच्या गाडीची वेळ विचारली होती. आई लगेच म्हणाली, "वाडीला गेले असतील." नृसिंहवाडीच्या एका धर्मशाळेत ते चोविसाव्या दिवशी सापडले. दोन बायकांनी दोन वाक्यांत जे सांगितलं ते आमच्या चारशे पोस्टरांना जमलं नव्हतं.

एक गोष्ट मनाशी आधीच पक्की करा. माणूस सज्ञान आहे आणि स्वतःच्या मर्जीने गेला आहे, तर पोलीस त्याला बळाने घरी आणू शकत नाहीत. ते त्याचा जबाब घेतात. त्याची इच्छा नसेल तर पत्ताही तुम्हाला सांगणार नाहीत, फक्त सुखरूप असल्याचं कळवतील. ते ऐकायला जड जातं.

कर्ज निघालं तर

मुंबईत माणूस नाहीसा होण्यामागे कितीदा पैसाच असतो. वसुलीला लोक दारात आले तर घाबरून सही करू नका, धनादेश देऊ नका, "आम्ही फेडतो" असं लिहून देऊ नका. वडील हयात असताना त्यांच्या कर्जाची जबाबदारी मुलांवर येत नाही, तुम्ही जामीनदार किंवा सहकर्जदार असाल तरच येते. ते वारल्यानंतरही वारसांकडून, वडिलांकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच वसुली होऊ शकते. खाजगी सावकार असेल तर परवाना दाखवायला सांगा. महाराष्ट्रात सावकारीसाठी २०१४ चा कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी हा त्यात गुन्हा आहे, आणि तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडे करता येते. धमकीचे फोन रेकॉर्ड करा आणि पहिल्या पाकिटात टाका.

पोस्टरवर घरचा पत्ता देऊ नका. तुमच्या नंबरबरोबर पोलीस ठाण्याचा नंबर द्या. "तुमचे वडील आमच्याकडे आहेत, दवाखान्याचे वीस हजार पाठवा" असे फोन येतातच. व्हिडिओ कॉलवर चेहरा दाखवा म्हणा, किंवा घरच्यांनाच माहीत असेल असं विचारा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

महिने उलटले तर

हा भाग कुणाला लागू नये, पण लागतो.

विम्याचा हप्ता थांबवू नका. सात वर्षं माणसाची काहीच खबर नसेल तर तो हयात नाही असं कायदा गृहीत धरतो. पूर्वी हे भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ मध्ये आहे. पण मृत्यू नेमका कोणत्या दिवशी झाला हे त्यातून ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये एलआयसीच्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलं. बेपत्ता झाल्याच्या दिवशीच मृत्यू झाला असं धरून, मधले हप्ते न भरता पैसे मागता येत नाहीत. सात वर्षांनंतर दिवाणी न्यायालयातून तसं जाहीर करून घ्यावं लागतं. मिसिंगची प्रत, पोलिसांचा शोध न लागल्याचा अहवाल, वर्तमानपत्रातल्या जाहिराती, हे तेव्हाचे पुरावे. म्हणून पहिल्या दिवसापासून एका फायलीत ठेवा. वडील केंद्र सरकारी नोकरीत असतील तर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी सात वर्षं थांबायची गरज नाही, पोलिसांतल्या नोंदीनंतर सहा महिन्यांनी अर्ज करता येतो. राज्य सरकार, बेस्ट, महापालिका यांच्या कार्यालयात त्यांचे नियम विचारा.

गुपितातून दुसरा वारस पुढे आला की घरात पहिला प्रश्न खोलीचा निघतो. आईवडील जिवंत असताना त्यांच्या स्वकष्टाच्या मालमत्तेवर कुणाचाच हक्क नसतो, तुमचाही नाही. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता पुरुष गेला तर मुलगा, मुलगी, विधवा आणि आई यांना सारखा वाटा मिळतो, आणि मूल पहिल्या लग्नाचं की दुसऱ्या, याने फरक पडत नाही. पहिली बायको हयात असताना केलेलं दुसरं लग्न हिंदू विवाह कायद्याने रद्दबातल असलं, तरी त्या लग्नातली मुलं कायदेशीर असतात आणि आईवडिलांच्या मालमत्तेत त्यांना हक्क असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये, वडिलोपार्जित मालमत्तेत वडिलांच्या वाट्याला जे आलं असतं त्यातही त्यांचा हिस्सा धरला. बँकेच्या खात्यावर नॉमिनी म्हणून अनोळखी नाव दिसलं तर हादरू नका. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक वारसच असतात. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटचंही साधारण तसंच. इतर धर्मीयांना वेगळे कायदे लागू होतात, म्हणून सही करण्याआधी वकिलाकडे एक चक्कर माराच.

या काळात झोप उडते, घरातले एकमेकांवर ओरडतात. १४४१६ वर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. माझ्या धाकट्या बहिणीने तो फोन केला आणि मला तिने ते वर्षभराने सांगितलं.

परत आल्यावर

पोलीस ठाण्यात नेऊन मिसिंग बंद करून घ्या, जबाब होईल. पोस्टर उतरवा, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर "सापडले, सुखरूप आहेत, कृपया फोटो पुढे पाठवू नका" एवढंच टाका. कुठे होते, का गेले हे लिहू नका. डॉक्टरांना दाखवा. अण्णांचं वजन सहा किलोंनी उतरलं होतं आणि साखर वाढली होती.

पहिल्या रात्री काहीही विचारू नका. पहिल्या आठवड्यातही नको. ट्रंक उघडली हे मात्र लपवू नका, त्यांना कळतंच. मी चौथ्या दिवशी पावत्यांचा गठ्ठा त्याच दोऱ्याने बांधून त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, "आम्ही बघितल्या, पोलिसांनाही दाखवल्या." त्यांनी गठ्ठा उशीखाली ठेवला.

प्रश्नांची यादी मी वहीत लिहून ठेवली होती, सतरा प्रश्न. तिसऱ्या महिन्यात, गॅलरीत बसलो असताना, एकच विचारला: ताईकडून निघाल्यावर सरळ घरी का नाही आलात? बराच वेळ ते समोरच्या गिरणीच्या चिमणीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ती पहिल्यांदा 'अण्णा, या' म्हणाली होती रे. तुझ्या आईला हे काय म्हणून सांगायचं, ते सुचेना."

आई आत चहा गाळत होती. तिने दोनाऐवजी तीन कप भरले आणि बाहेर येऊन आमच्याजवळ बसली.